उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी मोजा, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

मार्च सरत आला की एकच प्रश्न सगळीकडून यायला लागतो: "कार्ड ८५ च्या वर जातंय, पेस्ट बदलू का?" आणि बरेच जण उत्तराची वाट न बघता कार्ड उघडून बसतात. पेस्ट, म्हणजे चिप आणि तिच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. ते पहिलं केलं की मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड फाटतात, फॅनच्या वायरी तुटतात, वॉरंटी धोक्यात येते आणि तापमान होतं तिथेच राहतं, कारण दोष कार्डात नव्हताच. तो खोलीत होता, किंवा कॅबिनेटच्या काचेमागे कोंडलेल्या हवेत होता.

नाशिकमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण इथे हिवाळा आणि उन्हाळा यांत खोलीच्या तापमानाचा फरक मोठा असतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, तेव्हा घेतलेलं कार्ड ६६-६८ अंशांवर गुपचूप चालतं. तेच कार्ड एप्रिल-मेमध्ये, बाहेर ४० अंश असताना, ८० च्या पुढे जातं. कार्ड तेच, गेम तोच, बदलली ती फक्त त्याला मिळणारी हवा.

खालचे सात टप्पे याच क्रमाने करा. पहिल्या पाच टप्प्यांत कार्ड बाहेर काढावं लागत नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं. हे सगळं डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला मोजमाप, खोली आणि फ्रेम लिमिट एवढंच जसंच्या तसं लागू पडतं.

## तयारी: हाताशी काय हवं

खोलीचं तापमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर. सगळ्यात जास्त टाळली जाणारी वस्तू हीच, आणि हिच्याशिवाय पुढचा एकही आकडा नीट वाचता येत नाही. मोबाइलवरचं हवामान चालणार नाही. ते शहराचं तापमान सांगतं, तुमच्या टेबलाखालचं नाही.

कॉम्प्युटरवर तीन मोफत प्रोग्रॅम घाला: आकडे वाचायला एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड, फॅन आणि वॉट बदलायला एमएसआय आफ्टरबर्नर. आफ्टरबर्नर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो, एमएसआयचंच कार्ड लागत नाही. एएमडीचं कार्ड असेल तर अ‍ॅड्रेनलिन हा त्यांचा ड्रायव्हरबरोबरचा प्रोग्रॅम आधीपासून असेलच. शिवाय एक वही. स्क्रीनशॉट काढून ठेवले की नंतर सापडत नाहीत, वहीतली ओळ सापडते.

थर्मल पेस्ट आत्ता विकत घेऊ नका. घरात आली की ती लावायची घाई होतेच.

## टप्पा १: मोजमाप, आणि तेही योग्य वेळी

वेळ निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी सर्वांत वाईट वेळ दुपारी दोनची नसते. स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि ती उष्णता संध्याकाळी सहा-सातनंतर खोलीत सोडत राहतो. नेमकं त्याच वेळी ऑफिस-कॉलेजहून येऊन माणूस खेळायला बसतो. सिडकोतल्या पत्र्याच्या खोलीचं उलटं असतं: ती दुपारी भट्टी होते आणि रात्री लवकर निवते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची तळमजल्यावरची जाड भिंतींची खोली या दोन्हींपेक्षा बरीच गार. तुम्ही ज्या वेळी खरोखर वापरता, त्याच वेळी मोजा.

१. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढे, जिथून हवा आत जाते त्या तोंडापाशी ठेवा. मागे ठेवलात तर बाहेर फेकलेली गरम हवा मोजाल. दहा मिनिटं स्थिरावू द्या.

२. आफ्टरबर्नरमध्ये फॅनचा वेग ऑटोवरून काढून ७० टक्क्यांवर पक्का करा. ऑटोवर ठेवलं तर तापमान वाढलं की फॅन वाढतो, आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

३. तुमचा सगळ्यात जड गेम २० मिनिटं चालवा. गेम नसेल तर युनिजिन सुपरपोझिशन ही चाचणी चालेल. फरमार्क हा ताण देणारा प्रोग्रॅम टाळा. तो कार्डाला कुठल्याही गेमपेक्षा जास्त तापवतो आणि विनाकारण भीती घालतो.

४. एचडब्ल्यूइन्फोमधून हे टिपा: कोअरचं (मुख्य चिपचं) तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा), मेमरीचं तापमान दिसत असेल तर तेही, वॉट, क्लॉक (चिपचा वेग), फॅनचा आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या). शेजारी खोलीचं तापमान आणि तारीख. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही. तो शोधत बसू नका.

५. आता कोअरमधून खोलीचं तापमान वजा करा.

हा वजाबाकीचा आकडा या सगळ्या कामाचा कणा आहे. समजा जानेवारीत खोली २२ आणि कोअर ६६ होता. फरक ४४. मेमध्ये खोली ३७ आणि कोअर ८१ आहे. फरक ४४ च. म्हणजे कार्डाला काहीही झालेलं नाही. पेस्ट ठीक, फॅन ठीक. खोली १५ अंशांनी वाढली आणि कार्डही तेवढंच वाढलं. अशा कार्डाची पेस्ट बदलून काहीही हाती लागणार नाही. पण फॅनचा वेग आणि वॉट तेवढेच असताना हाच फरक ४४ वरून ५६ वर गेला असेल, तर कुठेतरी खरंच अडलंय.

जानेवारीचा आकडा तुमच्याकडे नसेल तर आजचा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच कामाला येईल.

कितीला घाबरायचं? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे, ४०६० ची ९०. एएमडीच्या आरएक्स ६००० आणि ७००० मालिकेत हॉटस्पॉट ११० पर्यंत चालतो. एनव्हिडियाच्या काही कार्डांवरच्या जीडीडीआर६एक्स मेमरीची मर्यादाही ११० च्या आसपास. कार्ड स्वतःला जाळून घेत नाही; मर्यादेजवळ आलं की क्लॉक कमी करतं, त्याहून पुढे गेलं तर बंद पडतं. मे महिन्यात कोअर ८०-८३, हॉटस्पॉट ९५ आणि क्लॉक स्थिर असेल, तर मी त्या कार्डाला हात लावणार नाही.

तपासणी: पुढे कुठे जायचं? हॉटस्पॉट आणि कोअर यांच्यातलं अंतर बघा. १० ते १५ अंश असेल तर पेस्ट आपलं काम करतेय. २५-३० च्या पुढे असेल तर चिप आणि हीटसिंक यांचा संपर्क बिघडलाय, आणि तुम्हाला शेवटी टप्पा ७ गाठावा लागेल. तरीही मधले टप्पे गाळू नका. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेडमध्ये परफकॅप रीझन (वेग कशामुळे अडला ते) नावाची ओळ असते. तिथे 'थर्म' दिसलं तरच उष्णतेमुळे वेग कमी होतोय. 'पॉवर' दिसलं तर ती नेहमीची वॉटची मर्यादा आहे, काळजी नको.

सावधान: ७०-७२ अंशांवरच कॉम्प्युटर खटकन बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर तो उष्णतेचा नसून बहुधा पॉवर सप्लायचा प्रश्न आहे. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसत असेल तर आधी ड्रायव्हर बघा. या दोन्ही ठिकाणी हा लेख उपयोगी नाही.

## टप्पा २: जागा आणि खोली

आपल्याकडचं नेहमीचं कॉम्प्युटर टेबल आठवा: खाली 'सीपीयू ठेवायला' एक कप्पा, तीन बाजूंनी बंद, मागे वायरीपुरतं भोक. ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरसाठी तो कप्पा ठीक होता. दोनशे वॉटचं कार्ड त्यात ठेवलं की मागून निघालेली गरम हवा कप्प्यात फिरून पुन्हा पुढून आत जाते. कार्ड स्वतःचाच उच्छ्वास घेत बसतं. थर्मामीटर त्या कप्प्यात ठेवून बघा. खोली ३६ असेल तर कप्प्यात बराच जास्त आकडा सापडेल.

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडा. थेट फरशीवर ठेवू नका, कारण झाडू मारताना उडणारी सगळी धूळ खालच्या जाळीतून आत जाते. चार-सहा इंच उंचीचा पाट किंवा स्टँड पुरे. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन कॅबिनेटवर पडत असेल तर जागा बदला किंवा जाड पडदा लावा.

देवघर किंवा स्वयंपाकघर जवळ असेल तर अंतर वाढवा. उदबत्ती-धुपाचा धूर आणि फोडणीची वाफ यांतला चिकटपणा धुळीला धरून ठेवतो. अशी धूळ फुंकरीने उडत नाही, ती पत्र्याला चिकटते. सातपूर-अंबड भागात किंवा जिथे रस्त्याचं काम चालू आहे तिथे राहणाऱ्यांनी रस्त्याकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नये.

आता कूलर. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे कूलर इथे खरंच काम करतो, आणि खोली गार झाली की कार्डही तेवढंच गार होतं. म्हणून कूलर जरूर लावा, पण दोन अटींवर. एक, खोलीची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा साचतो आणि गारवा कमी होतो. दोन, कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. कूलरच्या जाळीतून पाण्याचे बारीक थेंब उडतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर जाळीवर पांढरा थर जमतो, तोच थर थेंबांबरोबर सर्किटवर बसतो. सहा-सात फूट दूर आणि तिरका ठेवा. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा गारवा संपतो. तेव्हा साधा पंखाच बरा.

एसी असेल तर प्रश्न जवळपास मिटतो. एसीच्या खोलीत कार्डात पाणी जमेल ही भीती मनातून काढून टाका; चालू कार्ड खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतं, त्यावर दव धरत नाही.

तपासणी: जागा बदलून टप्पा १ पुन्हा करा. फरक कमी झाला असेल तर वहीत लिहा आणि पुढे जा.

## टप्पा ३: कॅबिनेटमधली हवा

आधी एक साधी चाचणी, जिला काही खर्च नाही. कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढा आणि तोच गेम २० मिनिटं चालवा. कोअर ५-६ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरला, तर कॅबिनेटला हवा पुरत नाही. एक-दोन अंशच उतरला, तर कॅबिनेट निर्दोष आहे. त्यावर पैसे खर्च करू नका.

चाचणी झाली की काच परत लावा. उघडं कॅबिनेट कायमचा उपाय नाही. त्यात धूळ दुप्पट जाते, पाल-झुरळं शिरतात, आणि लहान मूल असेल तर बोटं.

हवा पुरत नसेल तर या क्रमाने बघा:

१. पुढची जाळी आणि फिल्टर. काढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. पुष्कळदा इथेच काम होतं.

२. फॅनची दिशा. फॅनच्या चौकटीत जिकडे आडवे दांडे आणि स्टिकर असतात, तिकडून हवा बाहेर पडते. पुढचे फॅन आत ओढणारे, मागचा बाहेर फेकणारा. पातळ कागदाची पट्टी जाळीपाशी धरा: पुढे ती जाळीला चिकटली पाहिजे, मागे फडफडली पाहिजे. पुढचा फॅन उलटा बसवलेली कॅबिनेटं मी अजूनही बघतो, आणि दुकानातून जोडून आलेली.

३. संख्या. पुढे १२० मिमीचे दोन आणि मागे एक, एवढं मध्यम कार्डाला पुरतं. वर पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा फॅन लावू नका. तो पुढून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचण्याआधीच वर ओढून नेतो. वर लावायचाच असेल तर मागच्या टोकाला.

४. कार्डाखालची जागा. कार्डाचे फॅन खालून हवा घेतात. खालच्या स्लॉटमध्ये वायफाय कार्ड, लोंबणाऱ्या वायरी, किंवा कार्ड थेट पॉवर सप्लायच्या झाकणाला टेकलेलं असेल तर फॅन फिरूनही उपयोग नाही. कार्ड उभं लावून काचेला चिकटवलं असेल तर ते आडवं करा. दिसायला उभं छान दिसतं, पण या हवेत तो शौक परवडत नाही.

पुढून पूर्ण काच असलेलं, फक्त कडेच्या फटीतून हवा घेणारं कॅबिनेट असेल आणि वरचं सगळं करूनही फरक पडत नसेल, तर जाळीचं कॅबिनेट घेणं हाच उपाय. नव्या पेस्टपेक्षा ते पैसे जास्त कामी येतात.

## टप्पा ४: उष्णता मुळात कमी तयार करा

माझ्या मते आपल्या हवेत सगळ्यात मोलाचा टप्पा हाच आहे, आणि सगळ्यात कमी लोक करतात. कार्ड जेवढे वॉट खातं, तेवढी सगळी उष्णता शेवटी तुमच्या खोलीत येते. फॅन वाढवून ती फक्त कार्डातून खोलीत लवकर जाते. वॉट कमी केले तर कार्डही गार आणि खोलीही.

फ्रेम लिमिट. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम सेकंदाला १६० फ्रेम काढतोय, तर निम्म्याहून जास्त काम फुकट चाललंय. ड्रायव्हरच्या सेटिंगमधून फ्रेम मॉनिटरच्या आकड्यावर बांधा. हलक्या गेममध्ये एवढ्यानेच कार्ड १०-१५ अंश उतरलेलं दिसू शकतं.

पॉवर लिमिट. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटचा स्लायडर १०० वरून ८० वर आणा, अप्लाय करा, २० मिनिटं मोजा. मग ७५. आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट ७५ टक्क्यांवर सुमारे १२८ होतात. फ्रेम कमी होतात, पण वॉटच्या प्रमाणात नाही. कंपनीने शेवटच्या थोड्या वेगासाठी खूप वीज ओतलेली असते, आणि आपण तीच शेवटची वीज कापतोय. ७० च्या खाली गेलात तर मात्र फ्रेम जाणवण्याइतक्या पडायला लागतील.

एएमडीच्या ६००० आणि ७००० मालिकेत हा स्लायडर फार खाली जात नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनमध्ये कस्टम ट्यूनिंगला जाऊन कमाल फ्रिक्वेन्सी थोडी उतरवा आणि व्होल्टेज कमी करा.

अंडरव्होल्ट, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं. पॉवर लिमिटने समाधान झालं असेल तर हे सोडून दिलं तरी चालेल. करायचंच असेल तर एनव्हिडियासाठी:

१. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा.
२. कोअर क्लॉक आधी उणे २०० करून अख्खी रेघ खाली आणा.
३. ९०० मिलीव्होल्टवरचा ठिपका उचलून हव्या त्या क्लॉकवर न्या. ३०६० साठी १८०० मेगाहर्ट्झ ही सावध सुरुवात आहे.
४. अप्लाय केलं की त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे. झाली नसेल तर पायरी २ पुन्हा करा.
५. तासभर खेळा. गेम पडला तर क्लॉक ३० मेगाहर्ट्झने कमी करा.

एएमडीवर २५-२५ मिलीव्होल्ट उतरवत जा आणि दर वेळी तपासा.

सावधान: 'विंडोज सुरू होताना लागू करा' हा पर्याय दोन-तीन दिवस नीट चालल्याशिवाय चालू करू नका. व्होल्टेज कमी केल्याने कार्ड बिघडत नाही, फक्त गेम किंवा ड्रायव्हर पडतो. पण अस्थिर सेटिंग सुरुवातीलाच लागू झालं तर सतत त्रास होतो.

## टप्पा ५: फॅन कर्व

आजकालच्या बऱ्याच कार्डांचे फॅन ५०-६० अंशांपर्यंत बंदच असतात. हिवाळ्यात हे ठीक. पण खोली ३८ वर असली की नुसतं यूट्यूब बघतानाही कार्ड नेमकं त्याच उंबरठ्यावर घुटमळतं आणि फॅन दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. हा आवाज ऐकून लोकांना फॅन गेला असं वाटतं. मार्च ते जून फॅन कायम ३० टक्क्यांवर चालू ठेवा.

सुरुवातीला असा कर्व (किती तापमानाला फॅन किती वेगाने, याचं कोष्टक) लावून बघा: ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७० ला ६५, ८० ला ८५, ८६ ला १००. हिस्टेरेसिस ४ अंश ठेवा, म्हणजे अंश-अर्ध्या अंशाला फॅनचा वेग वरखाली होणार नाही. पावसाळा लागला की कर्व सौम्य करा. टप्पा १ च्या मोजमापासाठी मात्र दर वेळी ७० टक्क्यांवर पक्का करायला विसरू नका.

## टप्पा ६: कार्ड काढून धूळ साफ करणं

इथून पुढे हात लागतो, तेव्हा घाई नको.

१. कॉम्प्युटर बंद, पिन बोर्डातून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. एप्रिलच्या कोरड्या हवेत याची गरज जास्त.

२. मॉनिटरची केबल आणि कार्डाची पॉवर केबल काढा. केबल खटका दाबून, कनेक्टरला धरून. वायर ओढून नाही. कनेक्टर काळपटला किंवा वितळला असेल तर तिथेच थांबा आणि ती केबल पुन्हा वापरू नका.

३. मागचे स्क्रू काढा, मदरबोर्डच्या स्लॉटचा खटका दाबा, मग कार्ड सरळ वर उचला. खटका न दाबता ओढणं ही नेहमीची चूक, त्यात स्लॉट तुटतो.

४. फॅनच्या पात्यांमधून टॉर्च मारून हीटसिंक बघा. पात्यांवरची धूळ सगळ्यांना दिसते आणि ती पुसून लोक समाधानी होतात. खरी अडचण तिच्या मागे असते: फॅन आणि हीटसिंकच्या पातळ पत्र्या जिथे भेटतात तिथे करड्या रंगाचा, नमद्यासारखा दाबलेला थर. टोकाने उचलला तर अखंड तुकडा निघतो. तो बसला की फॅन पूर्ण वेगाने फिरतो, आवाज होतो आणि हवा मात्र पत्र्यांमधून जातच नाही.

५. पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा, फूटभर अंतरावरून, आधी पुढून, मग कडेने. पाती मोकळी सोडली तर ब्लोअरच्या जोराने ती मर्यादेबाहेर फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. चिकट धूळ मऊ ब्रशने सोडवून पुन्हा ब्लोअर.

सावधान: पंक्चरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड कार्डाला लावू नका, त्यात स्थिर वीज तयार होते. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही कार्डावर नको.

बसवताना कार्ड स्लॉटमध्ये 'टक' आवाज येईपर्यंत दाबा, पॉवर केबल शेवटपर्यंत आत गेली आहे का ते बोटाने चाचपून बघा, आणि जड कार्डाला टेकू द्या.

तपासणी: कार्डाचे सगळे फॅन फिरतात का ते डोळ्यांनी बघा. एक फॅन बंद असेल तर आकड्यांत ते नेहमी दिसत नाही. फॅन बदलायचा झाल्यास त्याच्या मधल्या स्टिकरवरचा नंबर बघून तोच मागवा.

## टप्पा ७: पेस्ट आणि पॅड

इथे तुम्ही तेव्हाच आहात, जेव्हा वरचं सगळं झालं आहे आणि हॉटस्पॉट-कोअर अंतर अजूनही २५ च्या पुढे आहे, किंवा मेमरी १०० च्या पुढे जातेय. क्रिप्टो माइनिंगला वापरलेली सेकंडहँड कार्डं बहुधा इथवर येतात. त्यांचे पॅड कडक झालेले असतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. स्क्रूवरच्या स्टिकरचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा लावते.

सामान: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉफी फिल्टर किंवा दोरे न सुटणारं कापड, चिमटा, जाडी मोजायला व्हर्नियर, आणि पेस्ट. कार्डाची चिप उघडी असते, त्यावर पातळ पेस्ट तापून-निवून कडेला सरकत जाते आणि काही महिन्यांत मधला भाग कोरडा पडतो. म्हणून घट्ट पेस्ट घ्या, किंवा हनीवेल पीटीएम ७९५० सारखी शीट. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि सहसा सरकत नाही. तिच्या नकलाही विकल्या जातात, तेव्हा भरवशाच्या दुकानातूनच. लिक्विड मेटल (द्रव धातूची पेस्ट) नको; ते अ‍ॅल्युमिनियम खातं आणि सांडलं तर शॉर्ट करतं.

१. उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा. गरम पेस्ट सुटते, थंड पेस्ट चिपला धरून ठेवते.

२. कार्ड काढून पाठीमागचे स्क्रू सोडवा. प्रत्येक स्क्रू कुठला होता ते कागदावर कार्डाचा आकार काढून त्याच जागी ठेवा; लांबी वेगवेगळी असते.

३. हीटसिंक ओढू नका. डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, तो सुटेल. लगेच पूर्ण उचलू नका: फॅनची आणि लाइटची वायर आतून जोडलेली असते. कनेक्टर चिमट्याने सोडवा.

४. पहिली गोष्ट फोटो. कुठला पॅड कुठे आहे, कुठे ठसा उमटलाय.

५. पॅड शाबूत असतील तर त्यांना हातही लावू नका. फाटले असतील तरच बदला, आणि व्हर्नियरने मोजून त्याच जाडीचे. ०.५, १, १.५, २ मिमी अशा जाड्या एकाच कार्डावर असू शकतात, आणि एकाच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत त्या वेगळ्या असतात. दाबलेला जुना पॅड पातळ मोजला जातो, म्हणून न दाबलेल्या कडेवर मोजा. पॅड जाड झाला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. "पेस्ट बदलली आणि तापमान वाढलं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. जाडीची खात्री नसेल तर मळलेल्या कणकेसारखी मऊ थर्मल पुटी वापरा; ती दाबली जाऊन स्वतः जागा घेते.

६. चिप आणि हीटसिंक अल्कोहोलने पुसा, चिप आरशासारखी होईपर्यंत. चिपभोवतीच्या बारीक भागांवर जोर नको.

७. पेस्ट पूर्ण चिपवर पसरा, कोपऱ्यांसकट. सीपीयूवर मध्ये थेंब टाकून चालतं, कारण वर धातूचं झाकण असतं. इथे ते नाही, उघडा राहिलेला कोपरा थेट हॉटस्पॉट होतो.

८. वायरी जोडा, हीटसिंक सरळ खाली ठेवा, चिपभोवतीचे चार स्क्रू आधी. समोरासमोरचे तिरक्या जोडीने, प्रत्येकी अर्धा वळसा, असे फिरून फिरून घट्ट करा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर चिपचा कोपरा उडू शकतो.

तपासणी: चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं एचडब्ल्यूइन्फो डोळ्यांसमोर ठेवा. हॉटस्पॉट झपाट्याने १०० कडे पळत असेल तर लगेच बंद करा. हीटसिंक टेकलेला नाही. सगळं ठीक असेल तर टप्पा १ पुन्हा, तोच गेम, तेच ७० टक्के. पीटीएम शीट लावली असेल तर पाच-सहा वेळा तापून निवल्यावरचा आकडा धरा.

सातही टप्पे करून फरक कमी होत नसेल, तर हीटसिंकमधल्या नळ्या, चिपचा सपाटपणा किंवा बोर्ड यांत दोष असू शकतो, आणि ते घरी होणारं काम नाही. दुकानात देताना "खूप तापतं" एवढंच सांगू नका. वहीतला तक्ता द्या: खोली, कोअर, हॉटस्पॉट, मेमरी, वॉट, फॅन, आधीचे आणि नंतरचे. कार्ड परत मिळाल्यावर त्याच दुकानात, त्याच आकड्यांवर तपासून मागा, आणि घरी आणून पुन्हा एकदा स्वतः मोजा.